आत्यानं ओळखलेली भाची

तिरेसाच्या पोटात दुखत होतं ते काही बोट हलत होती म्हणून नव्हे. वहिनी सगळ्या बोटीला हसवत होती म्हणून! ही वहिनी, बिर्गिट, जन्मानं डेन्मार्कची, पण तिरेसाच्या भावाशी लग्न करून सामोआतल्या अपियात आली आणि सामोअन अशी बोलायला लागली की पाठमोऱ्या ऐकणाऱ्यानं सामोआतलं माहेरचं गाव विचारावं. आणि तिरेसा? रक्त अस्सल सामोआचं, वाढली मात्र ऑकलंडला. चार वाक्यं बोलली की जीभ अडखळायची.

"आत्याच्या घरात उभ्यानं बोलू नकोस हं," वहिनीनं बजावलं. "आधी मांडी घाल, मग तोंड उघड."

"माझी आत्या आहे ती, तुझी नाही!" तिरेसा फणकारली.

सवाई बेटावरच्या घरात आत्या पेपे वाट बघत होती. डोळे केव्हाच गेलेले, आणि दोघींपैकी कुणाचाच आवाज तिनं आजवर ऐकलेला नव्हता. शेजारी ती बारीक विणीची चटई होती. पणजीच्या हातची, घराच्या लेकीनं पुढे सांभाळायची. तिरेसा एवढ्या लांबून आली होती ती त्या चटईसाठीच. ती एकदा मिळाली की तिला परकी म्हणायची कुणाची टाप नव्हती.

दोघी बसल्या. तिरेसा शब्द जुळवत होती, तोवर वहिनीनं थोरामोठ्यांसाठीच्या ठेवणीतल्या भाषेत विचारपूस केलीसुद्धा. आत्याचा चेहरा फुलला.

"आलीस गं बाय माझी! अगदी बापाचं बोलणं उचललंयस," म्हणत तिनं चटई वहिनीच्या मांडीवर ठेवली.

"अहो आत्या, मी नव्हे..." वहिनी म्हणेपर्यंत तिरेसा ताडकन उठली.

"भाची मी! ती परकी आहे, परकी!"

आत्यानं आवाजाच्या दिशेनं मान वर केली. मग वहिनीला हळूच म्हणाली, "ही पाहुणी कुठली गं? उभ्यानं ओरडतेय. तू रागावू नकोस, बाहेरच्यांना कळत नाही. बसव तिला."

तिरेसा मटकन खाली बसली. वहिनीनं सगळं समजावून सांगितलं आणि चटई उचलून तिच्या मांडीवर ठेवली. आत्यानं चाचपडत भाचीचे गाल कुरवाळले, रडली, माफी मागितली. मग चटईची हकीकत सांगायला बसली, पण तोंड वहिनीकडे. दोघी हसत होत्या, मध्येच डोळे पुसत होत्या.

तिरेसा चटई घट्ट धरून बसली होती. पुन्हा हशा उठला तेव्हा तिला राहवेना.

"वहिनी," ती पुटपुटली, "काय म्हणतेय गं माझी आत्या?"