आतला खिसा

गल्लीच्या तोंडाशी शिलाई मशीन मांडून बसणाऱ्या मावशीकडे वस्तीतला गुंड एका शाळकरी पोरीला घेऊन आला. "हिच्या गणवेशाला आतून खिसा लाव. सुरा मावला पाहिजे. एवढ्याशा पोरीला पोलीस तपासत नाहीत."

"मावशी, कापड जाड लाव हं," पोरगी म्हणाली. "परवा मांडीला टोचला."

मावशीने गणवेश गुंडाच्या तोंडावर फेकला. तो नुसता हसला. पोरीचा हात धरून मावशीने तिला थेट तिच्या आईकडे नेलं.

आईने सगळं ऐकून घेतलं, पोरीला आत ओढलं आणि दबक्या आवाजात म्हणाली, "खिसा शिवायला काय हात झडले होते तुझे? आता तो आमच्यावर उखडेल!"

मावशी तिच्या उंबऱ्यावर थुंकली आणि चालू लागली.