जखमी माणसाचा डाव

'खिंडीपल्याड' हे पुस्तक अनीशनं पुण्यातल्या एका प्रदर्शनातून उचललं, ते केवळ स्वस्तात मिळालं म्हणून. कुणा हौशी माणसानं पदरमोड करून छापलेलं. मुखपृष्ठावरचा घोडा गाढवासारखा दिसत होता आणि कागद इतका पातळ की मागच्या पानाची अक्षरं पुढं उमटायची. मयूरीनं ते चाळलं आणि बाजूला ठेवून दिलं.

सांगलीत अनीशच्या वडिलांचं हळदीचं गोदाम होतं. त्याच्या माळ्यावर दर रविवारी दुपारी तिघं खेळायला बसत. अनीशनं गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्यातली माणसं व्हायचं, त्यांच्या तोंडानं बोलायचं. वार लागला की हुकला, हे फासे ठरवणार. मयूरी मूळची साताऱ्याची, इथं हाडांच्या एका दवाखान्यात फिजिओथेरपिस्ट होती. कृष्णात जतकडचा, तालमीत वाढलेला, आता व्यायामशाळेत पोरांचा घाम काढायचा. आजवर ते बाहेरून मागवलेल्या जाडजूड पुस्तकांवरून खेळत. त्यात राक्षस मारायचे, खजिना लुटायचा आणि रात्रीत जखमा भरून यायच्या.

या पुस्तकात राक्षस नव्हते. एक कोरडं गाव होतं आणि सुगी झाली की खिंडीतून उतरणारे लुटारू. शिवाय एक विचित्र नियम होता. ज्याला तुम्ही जखमी कराल, त्याचा पुढचा डाव तुम्हीच खेळायचा. कृष्णातला तो नियम ऐकून हसू आलं. लिहिणारा कधी कुणाशी भांडलेला दिसत नाही, असं त्याचं मत पडलं.

पहिल्याच रविवारी त्यानं एका लुटारूच्या गुडघ्यावर कुऱ्हाड घातली. फासे सरळ पडले, वाटी फुटली. मग नियमाप्रमाणे त्याला तो लुटारू व्हावं लागलं. आधी त्यानं चेष्टा केली. अनीशनं शांतपणे विचारलं, घरी कसा जाणार? कृष्णात सांगू लागला. पटक्यानं पाय आवळला. कोपरांवर सरपटत खिंड चढला. रक्ताच्या वासानं कुत्री मागं लागली, त्यातल्या एकाचा त्यानं दगडानं जीव घेतला. घरी पोचला तेव्हा बायकोनं पायाकडं बघितलं आणि त्याचं जेवणाचं ताट उंच फळीवरून काढून खालच्या फळीवर ठेवलं. इथवर सांगून कृष्णातनं कप उचलला. चहा कपातच गार झाला होता.

"लय बेकार पुस्तक हाय," तो शेवटी म्हणाला. "फुडच्या रविवारी लवकर बसू."

त्यानंतर जाडजूड पुस्तकं कुणी उघडली नाहीत.

माळ्यावर फासे पडतात ही बातमी रविराजच्या कानावर गेली. त्या भागातले जुगाराचे अड्डे तोच सांभाळायचा. आपल्याला न विचारता कुणी नवा अड्डा टाकला, असा त्याचा समज झाला. आधी त्यानं माणूस पाठवला. अनीशनं त्याला पुस्तक दाखवलं, फासे दाखवले, गोष्टीचा खेळ आहे म्हणून समजावलं. गोष्टीसाठी मोठी माणसं फासे टाकतात, हे त्या माणसाला काही पटलं नाही.

पुढच्या रविवारी रविराज स्वतः आला, दोघांना घेऊन. हमालांची सुट्टी होती. कृष्णात जिन्यातून खाली उतरला आणि बोलण्यासाठी त्यानं तोंड उघडलं, तोच रविराजच्या हॉकी स्टिकचा फटका त्याच्या जबड्यावर बसला. वरून उतरणाऱ्या मयूरीला ओलं लाकूड मोडावं तसा आवाज ऐकू आला. तोंडातून रक्त आणि दात सांडत असतानाच कृष्णातनं एकाला कमरेला धरून आपटलं. दुसऱ्यानं त्याच्या पाठीत लाथ घातली. अनीश मध्ये पडला, त्याचं डोकं तराजूच्या दांडीवर आदळलं आणि तो पोत्यांवर कोसळला. एक पोतं फाटून हळद उधळली. पिवळ्या धुळीत रविराजनं पडलेल्या कृष्णातच्या छातीवर पाय दिला आणि डोकं फोडायला स्टिक उगारली.

तराजूपाशी पाच किलोचं वजन होतं. मयूरीनं ते दोन्ही हातांनी उचललं. रविराजची पाठ तिच्याकडं होती. तिला खांद्यावर मारता आलं असतं, पाठीत मारता आलं असतं. तिनं उगारलेल्या उजव्या हाताच्या कोपराच्या टोकाकडं बघितलं. हात सरळ करणारा स्नायू तिथंच धरलेला असतो, हे ती रोज लोकांना समजावून सांगायची. तिनं नेमकं तिथंच मारलं. हाड फुटल्याचं तिला हातांत कळलं. रविराज गुडघ्यांवर बसला आणि आपला लोंबणारा हात बघत राहिला. त्याच्या माणसांनी त्याला ओढत नेलं.

चौकीत दोन्हीकडून तक्रारी झाल्या. बाजारातली वडीलधारी माणसं मध्ये पडली, आणि पोरीबाळीचं नाव नको म्हणून सगळं मिटवलं. मयूरी काही दिवस साताऱ्याला आईकडं गेली. क्षमाताईंनी, म्हणजे तिच्या आईनं, इथंच नोकरी बघ म्हणून बरंच समजावलं. मयूरीला शेंग फोडल्याचा आवाजसुद्धा सहन होत नव्हता. तरी ती परतली.

प्लास्टर निघाल्यावर रविराज तिच्याच विभागात आला. पिशवी धरून बायको मागं उभी होती. त्यानं मयूरीला ओळखलं. पल्लवी नावाची सहकारी शेजारीच होती, मयूरीला त्याला तिच्याकडं देता आलं असतं. तिनं त्याला आपल्याच टेबलावर बसवलं. का, ते तिलाही नीट सांगता आलं नसतं.

हात काटकोनात आखडला होता. तिनं मनगट धरून तो हळूहळू उघडायला घेतला. जिथं थांबायला हवं होतं तिथं ती थांबली नाही. रविराजच्या कपाळावर घाम फुटला, त्यानं टेबलाची कड गच्च धरली.

"तुमी मुद्दाम करताय," तो दातओठ खाऊन म्हणाला.

"हो. आत्ताचं मुद्दाम केलं. पुन्हा करणार नाही."

"आन त्या दिवशी?"

"त्या दिवशीही."

त्यानं बाहीनं कपाळ पुसलं. मग त्यानं हात पुन्हा टेबलावर ठेवला. दुसऱ्या दिवशी वेळेवर आला, आणि त्यानंतरही येत राहिला.

ही गोष्ट तिनं कृष्णातला सांगितली तेव्हा त्याचा जबडा तारांनी बांधलेला होता. तो दातांच्या फटीतून म्हणाला, "त्येनं माझं त्वांड फोडलं, आन तू त्येचा हात नीट करतीस?" तो हात वाकडाच सोडून दे, एवढंच त्याचं म्हणणं होतं. ते आपल्याच्यानं होणार नाही, असं तिनं सांगितलं. कृष्णात माळ्यावर यायचा बंद झाला. अनीश आणि ती दोघंच खेळत, पण गावावर लुटारू आले की दोघंही चाचरत.

रविराजचा हात जवळजवळ सरळ झाला. शेवटच्या दिवशी त्याच्या बायकोनं पेढे आणले. मयूरीनं एक खाल्ला.

ऊस तोडणीचा हंगाम सुरू झाला तेव्हा जोतिबा नावाचा रिक्षावाला मोडलेल्या मनगटाला प्लास्टर घालून तिच्या टेबलावर आला. स्टँडवर रांगेवरून वाद झाला होता. रविराजनं त्याला लोखंडी पान्यानं मारलं होतं.

"कुठल्या हातानं?" मयूरीनं विचारलं.

"उजव्या. लय ताकद हाय त्येच्या हातात."

मयूरी भिंतीवरच्या हाडांच्या चित्राकडं तोंड करून क्षणभर उभी राहिली. मग तिनं जोतिबाची बोटं एकेक करून मोकळी केली, आणि तक्रार दिली का, म्हणून विचारलं. दिली नव्हती. बायकापोरं आहेत, तो म्हणाला.

तिनं पल्लवीला पुढचे पेशंट बघायला सांगितलं, कृष्णातला फोन केला आणि जोतिबाला घेऊन चौकीत गेली. आपण कोण, रविराजला कुठं मारलं, का मारलं आणि कुणी मिटवलं, हे सगळं तिनं पहिल्यापासून सांगायला घेतलं. लिहून घेणाऱ्या हवालदारानं तिला दोनदा थांबवलं. ताई, यात तुमच्यावरही येईल, तो म्हणाला. येऊ द्या, ती म्हणाली.

कृष्णात दारात येऊन उभा होता. जबडा अजून पुरता उघडत नव्हता. तिचं बोलून होईपर्यंत तो तिथंच थांबला, मग आत येऊन बाकावर जोतिबाच्या शेजारी बसला आणि हवालदाराला म्हणाला, "आता माझं बी लिवा."