टेपवाडीचा कौल

देवळात चिठ्ठ्या काढायची कल्पना देवश्रीची होती, आणि तिच्यावर ती स्वतः बेहद्द खूश होती. ती कामाला असलेल्या पुण्याच्या संस्थेनं पोलादपूरच्या डोंगरात दरडीच्या भोंग्याची चाचणी घ्यायची ठरवलं, तेव्हा तिथले प्रमुख शौनकसर यांच्या डोक्यात सगळं साधं सरळ होतं. उतारावरच्या वाड्यांच्या जोड्या लावायच्या. जोडीतल्या एका वाडीला पर्जन्यमापक, भोंगा आणि प्रशिक्षण. दुसरीला काही नाही. भोंग्यामुळे माणसं वेळेवर खाली उतरतात का, ते दोन पावसाळे बघायचं. कुठल्या वाडीला काय, हे नशिबावर सोडायचं, म्हणजे निकालावर कोणी बोट ठेवणार नाही. नशिबाचं काम संगणक करणार होता. पण देवश्री महाडची, मास्तरांची मुलगी. संगणकानं दिलं म्हटलं की लोक वशिला लागला म्हणणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. म्हणून चिठ्ठ्या गावासमोर, गावाच्याच हातानं काढू, असं तिनं सुचवलं आणि सरांनी शाबासकी दिली.

आंबेनळी घाटाखालच्या एका गावात जोडी लागली टेपवाडीची आणि पऱ्याच्या वाडीची. डोंगर एकच, पण मध्ये त्याचं नाक आडवं आलेलं, त्यामुळे इकडचा आवाज तिकडे जात नाही. मार्चमध्ये वाघजाईच्या देवळात गावाच्या साक्षीनं सगळं व्हावं म्हणून देवश्रीनं देवीपुढे तांब्या ठेवला आणि दोन वाड्यांच्या दोन चिठ्ठ्या आत टाकून, जिची निघेल तिला भोंगा असं सांगून ती बाजूला झाली. टेपवाडीच्या पांडूबाबांनी हात जोडले, डोळे मिटून काहीतरी पुटपुटले आणि एक चिठ्ठी काढून तिच्या हातात दिली. तिनं मोठ्यानं वाचलं, पऱ्याची वाडी. टेपवाडीकर जरासुद्धा कुरकुरले नाहीत. उलट त्याच दिवशी त्यांनी देवीला नारळ फोडला. हरलेल्यांचा एवढा मोठेपणा बघून देवश्रीला भरून आलं. नारळ कशाबद्दल, हे तिनं विचारलं नाही. एवढी शिकलेली पोरगी, हजार प्रश्नांचे फॉर्म भरून घेणारी, आणि हा एक प्रश्न तेवढा राहून गेला.

मागच्या दरडीपासून टेपवाडीची निम्मी माणसं आषाढ-श्रावणात खाली नातलगांकडे राहायला जायची. या वर्षी एकही घर हललं नाही. पांडूबाबांनी तर मुंबईची सून सोनाली आणि दोन नातवंडं वाडीवर बोलावून घेतली. देवश्रीनं हे कळवलं, तेव्हा शौनकसर फोनवर म्हणाले, की दोन गटांतला फरक छान दिसतोय. तिला ते कुठेतरी खटकलं.

जुलैत सलग चौथ्या दिवशी पाऊस थांबायचं नाव घेईना. पऱ्याच्या वाडीतला पर्जन्यमापक दुपारी बारालाच खुणेच्या वर गेला आणि तिथल्या ठकूबाईनं भोंगा वाजवला. भोंग्याच्या पेटीची किल्ली तिच्याकडे होती. गळ्यातल्या दोऱ्यातून ती कधी काढायची नाही. तासाभरात अख्खी वाडी रस्त्याकडेच्या शाळेत येऊन बसली. देवश्रीचा जीव भांड्यात पडला. मग तिनं टेपवाडीच्या वाटेकडे पाहिलं. तिथे चिटपाखरू नव्हतं. येताना कोणीतरी पाहिलं होतं, की टेपवाडीचा झरा लाल गढूळ वाहतोय. झरा गढूळला की डोंगर आतून सुटतोय असं समजा, हे या लोकांना तिनंच शिकवलं होतं. टेपवाडीला शिकवलं नव्हतं.

तिनं सरांना फोन केला. ते म्हणाले, तहसीलला मी कळवतो, ते माणूस पाठवतील. तू त्या वाडीत पाय ठेवायचा नाहीस, चाचणी बिघडेल. रस्ता दोन ठिकाणी बंद होता, माणूस कुठून येणार होता देव जाणे. देवश्रीनं फोन पिशवीत टाकला आणि चढ चढायला लागली.

पांडूबाबा पडवीत दोर वळत बसले होते. आत सोनाली पोरांना जेवायला वाढत होती. देवश्रीनं धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तिला बसायला पाट दिला.

"आमाला कशाला खाली नेतास, बाई? टेपवाडीला भय नाय, ह्यो देवीनंच कौल दिलाय. तुमच्याच म्होरं दिला ना?"

आधी तिला काही उमगेना. मग उमगलं. भय पऱ्याच्या वाडीला होतं म्हणून देवीनं भोंगा तिला दिला. यांना सोडलं, म्हणून नारळ. तिनं परोपरीनं सांगितलं, की तो कौल नव्हता, नुसती चिठ्ठी होती, कुणाचीही निघाली असती.

"तांब्या देवीफुडं कोनी ठेवला?"

"मी."

"मंग?" पांडूबाबा म्हणाले, आणि पुन्हा दोर वळू लागले.

मागच्या परसात दगड घरंगळल्याचा आवाज झाला. सोनालीचा हात वाढता वाढता थांबला. देवश्री घाबरली, अगदी मनापासून घाबरली, आणि खोटं बोलली. ज्यांना खोट्याची सवय नसते त्यांचं खोटं फार नीटनेटकं असतं.

"बाबा, तुम्ही काढलेल्या चिठ्ठीवर टेपवाडी लिहिलं होतं. मी पऱ्याची वाडी वाचलं. भोंगा तिकडे द्यायचं आमचं आधीच ठरलं होतं."

पांडूबाबांच्या हातातला दोर सुटला. देवीसमोर खोटं वाचलंस, एवढंच त्यांनी विचारलं. ती हो म्हणाली. अर्ध्या तासात गुरं सोडून, पोरं काखेत मारून टेपवाडी उतरू लागली. तिच्याशी कोणी बोललं नाही. नोकरी गेली, नावही गेलं, पण घरं रिकामी झाली, या विचारानं देवश्रीला चिखलात घसरतानाही हसू येत होतं.

शाळेच्या व्हरांड्यात पांडूबाबांनी चिठ्ठी खोटी वाचल्याचं सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं. आता शिव्या पडणार म्हणून ती मान खाली घालून उभी राहिली. शिव्या पडल्या नाहीत. ठकूबाई आपल्या माणसांकडे वळून म्हणाली,

"म्हंजी भय त्यांना व्हतं. आपल्याला देवीनं सोडलंय."

पऱ्याच्या वाडीची माणसं उठू लागली. म्हशी गोठ्यात अडकलेल्या, चुलीवरचा भात तसाच, वर शाळेचं छप्पर गळतं. जायला निमित्तच हवं होतं. ठकूबाईनं गळ्यातली किल्ली काढून पांडूबाबांच्या हातावर ठेवली. तुमची वस्तू इतके दिवस आमच्याकडे राहिली, म्हणाली.

देवश्री दारात आडवी झाली. "जाऊ नका. मी खोटं बोलले."

ठकूबाई थांबली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं.

"कवा, बाई? तवा देवळात, का आज वरती?"

वरती, हा शब्द देवश्रीच्या ओठांवर आला होता. तेवढ्यात तिला दिसलं, की पांडूबाबांचा हात खाली ठेवलेल्या घोंगडीकडे गेला आहे, आणि सोनाली धाकट्याला कडेवर घेऊन सासऱ्याच्या तोंडाकडे पाहते आहे. वर परतायचं का, हे ठरवायला सगळी टेपवाडी तिच्या उत्तराची वाट बघत होती.

ती काही बोलली नाही. ठकूबाईनं थोडी वाट पाहिली, मग पदर डोक्यावर घेऊन तिला हळूच बाजूला सारलं, आणि तिच्या पाठोपाठ एकेक करत पऱ्याची वाडी डोंगराकडे निघाली.