बादलीसकट वाजणारी रेकॉर्ड

मित्रांनो, मला हात लावण्याआधी हात धुऊन या. मी एक जुनी, काळी रेकॉर्ड आहे. हेवी मेटल वाजवणाऱ्या चौघांचा पहिला अल्बम. आजवर एवढी घाण सोसली आहे, की कुणाच्या बोटांवर माझा विश्वास उरलेला नाही.

माझा जन्मच कुबट जागी झाला. गाद्यांच्या दुकानामागे एक खोली होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून भिंतींना डाग पडलेल्या जुन्या गाद्या टेकवल्या होत्या. त्यात चौघांचा घाम, मोज्यांचा वास आणि कोपऱ्यात खरकटी ताटली. ध्वनिमुद्रण करणारे काका एरवी साबणाच्या जाहिराती करत. त्यांनी गिटारची सगळी खरखर काढूनच टाकली.

"तुमचा आवाज फाटत होता. स्वच्छ धुऊन दिला," ते कौतुकाने म्हणाले.

"काका, तो तसा फाटायलाच आम्हांला वर्ष लागलं," गिटारवाला रडकुंडीला येऊन म्हणाला.

सगळं पुन्हा वाजवावं लागलं. गायकाला सगळे घोगऱ्या म्हणत. त्याने शेवटची किंकाळी अशी काही फोडली, की तो तिथेच बादलीत ओकला. तेही माझ्यात उतरलं.

"हे तरी पुसू ना?" काकांनी नाक दाबून विचारलं.

"हात लावायचा नाही," चौघे एकदम म्हणाले.

पुढे कौतुक झालं, पण तेही चिकट बोटांनी. कुणी माझ्यावर कप ठेवला, कुणी राख झाडली. मग चौघे पांगले आणि मी घोगऱ्याच्या स्वयंपाकघरात तेलाच्या बाटलीखाली जाऊन पडले. माझ्या वेष्टनात झुरळाने अंडी घातली. शी.

त्याच सुमारास घोगऱ्याच्या घशाचं ऑपरेशन झालं. आवाज गेला तो गेलाच. त्याची मुलगी तेव्हा आईच्या पोटात होती.

ती बोलू लागली, खेळू लागली. एके दिवशी तिने मला बाहुलीचं ताट केलं आणि वर चाटूनही पाहिलं.

"थुंक. आधी थुंक ते," आई धावत आली. "आजच्या आज हे कचऱ्यात जाणार."

घोगऱ्याने बायकोचा हात धरला. आधी स्वतःच्या गळ्याकडे बोट दाखवलं, मग लेकीच्या कानाकडे. मग मऊ ओला कपडा घेऊन, नाक मुरडत, आईने माझी रेघ न् रेघ पुसली आणि मला लावलं.

"आई, कोण ओरडतंय?"

"तुझा बाबा."

मुलगी शेवटपर्यंत बाबाच्या तोंडाकडे बघत राहिली. "बाबाला उलटी झाली?"

घोगऱ्या हसला. आवाज नाही, नुसते खांदे हलले.

"झाली ना," आई म्हणाली. "आणि ती बादली मी धुतली होती."

मित्रांनो, जुन्या रेकॉर्डला कडेने धरा. वर कप ठेवू नका. माझ्यावरची घाण जरूर पुसा. आतली ती बादली मात्र राहू द्या. त्या गळ्याचं आता एवढंच शिल्लक आहे.