वारले म्हणजे

परमुलखातल्या आमच्या वर्गात भाषा पाच आणि बाई एकच. म्हणून बाईंचा नियम होता: ज्या भाषेत सुचेल त्या भाषेत विचार करा, शेजाऱ्याला समजावा, शेवटी इथल्या भाषेत लिहा. मराठीची दुभाषी मी. दहा वर्षांची, आणि टेंभा केवढा! वास्तविक माझं मराठी स्वयंपाकघरापुरतं: जेव, झोप, पसारा आवर.

मग ती आली, दोन वेण्यांची. तिला मराठीशिवाय काहीच येत नव्हतं. बाईंनी तिला माझ्या बाकावर बसवलं.

त्या आठवड्यात घरच्या माणसांबद्दल लिहायचं होतं. मी तिला विचारलं, "तुझे बाबा काय करतात?"

"बाबा वारले."

हा शब्द मी कधी ऐकला नव्हता. पण 'मला येत नाही' म्हणायला जीभ रेटेना. "म्हणजे काय? नीट सांग ना!"

"गेले गं," ती हळूच म्हणाली.

एवढंच ना! मी बाईंना ऐटीत सांगितलं, तिचे बाबा गावाला गेलेत. 'गावाला' हे माझ्या पदरचं. बाई हसल्या. "मग ते परत आले की त्यांना वर्गात काय दाखवशील, विचार तिला."

मी विचारलं. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. मला राग आला, म्हणून तिच्या वहीत मीच इथल्या भाषेत लिहिलं: 'बाबा आले की त्यांना माझा बाक दाखवीन.' बाईंनी ते मोठ्या कागदावर उतरवून भिंतीवर लावलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगळे वाजवतायत म्हणून तिनंही वाजवल्या.

संध्याकाळी आई हॉस्पिटलच्या धुलाईखान्यातून आली. मी विचारलं, "आई, वारले म्हणजे?"

"कोण वारलं?" आई दचकली. मी सगळं सांगितलं. "अगं, बांधकामावरून पडले ते... त्यांची पोर तुझ्या वर्गात आहे? मेले म्हणवत नाही, म्हणून वारले म्हणतात बाळा."

मला जेवण गेलं नाही. लाजेनं अंग जळत होतं.

सकाळी बाईंना खरं सांगायला गेले. तेवढ्यात ती आली. कालच्या माझ्या प्रश्नावरून भिंतीवर काय लिहिलंय ते तिनं ओळखलं असावं; तिनं तो कागद काढला आणि तिथं दुसरा लावला. त्यावर इथल्या भाषेतला एकच शब्द होता, 'मृत' या अर्थाचा. तिच्या आईच्या पिशवीतल्या, बाबांच्या सरकारी दाखल्यावरून उतरवलेला. शेजारचा चौकोन आणि त्यातली बरोबरची खूणसुद्धा तिनं तशीच काढली होती.

बाईंनी तो वाचला आणि तिला जवळ ओढलं.

इथल्या भाषेतला तिचा पहिला शब्द. तो तिनं मला विचारला नव्हता, आणि पुढेही कधी काही विचारलं नाही.