तांबडीचा थांबा

सुताराने तांबडी घोडीच्या मागच्या पायावर, खुराच्या जरा वर, अंगठा दाबला. अंगठा काढला तरी खळगा तसाच राहिला.

"जखम नाही, लचक नाही," जनावरांचा डॉक्टर म्हणाला. "दिवसभर एका जागी उभी असते, म्हणून पायाला सूज आलीय. थंड पाणी मारा आणि रोज फिरवा."

"मला घोड्यावर बसता येत नाही."

"बसा कोण म्हणतंय? दोर धरून चाला."

घोडी सुताराच्या मुलाची. तो बोटीवरच्या नोकरीला गेल्यापासून तिला कुणी फाटकाबाहेर काढलं नव्हतं. सुतार तिचं खाणंपिणं वेळच्या वेळी करायचा, तेवढंच. ती फाटकाकडे तोंड करून उभी असायची. रंधा मारता मारता तोही तिकडेच बघायचा.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने पायावर नळीने पाणी सोडलं आणि दोर धरून निघाला. कोपऱ्यावर तो मैदानाच्या दिशेने वळला. तांबडी उलट दिशेला ओढू लागली.

"बरं बाई, तुझं खरं."

शाळेच्या भिंतीला लागून, लाँड्रीवरून, एका बोळात ती त्याला घेऊन गेली आणि निळ्या दारासमोर थांबली. त्याने चुचकारलं, ओढून पाहिलं. ढिम्म हलेना.

वरची खिडकी उघडली. ओल्या केसांची एक मुलगी अर्धीअधिक बाहेर वाकली. तिच्या चेहऱ्यावर आलेलं हसू सुताराला बघून जागीच थांबलं. मग जिन्यावर पावलं वाजली. ती गाजर घेऊन खाली आली.

"काका, लंगडतेय का ही?"

"पाय सुजलाय. उभं राहून राहून."

तांबडीने गाजर संपवून तिच्या खांद्यावर नाक घासलं. ती घोडीची आयाळ बोटांनी विंचरत राहिली.

"तो बरा आहे ना?"

"बरा आहे. फोनवर जेवणाला नावं ठेवतो."

"ठेवणारच," ती हसली. मग बराच वेळ तिने मान वर केली नाही. सुतार निळ्या दाराच्या बिजागऱ्या न्याहाळत उभा राहिला.

त्यानंतर ते रोज जाऊ लागले. सुताराला मुलाचं नवं काही कळलेलं असेल तर तो सांगायचा. नसेल तेव्हा तिघंही नुसतीच उभी राहायची.

एका सकाळी त्याने पायावर अंगठा दाबला, तर खळगा पडला नाही. दोन्ही पाय सारखे दिसत होते. तो थोडा वेळ तिथेच बसून राहिला. मग फडताळातून जुनी पट्टी काढून त्याने ती पायाला गुंडाळली.

"अजून आहे सूज?" निळ्या दाराशी मुलीने विचारलं.

"जुनं दुखणं. वेळ लागेल."

तिने खाली बसून पट्टीवरून हात फिरवला. मग दुसऱ्या पायावरून फिरवला. क्षणभर थांबून तिने पट्टीचं सुटत आलेलं टोक आत खोचलं.

"उद्या जरा घट्ट बांधा, काका," ती म्हणाली.