समजा काढा, जिथे ठेवा

इरावती जाऊन पाच महिने झाले, तरी आमची छोटी प्रोग्रॅमिंग भाषा अडलेलीच होती. शाळकरी मुलांसाठी आम्ही नवराबायकोने ती मराठीत केली होती. इरावती कसबा बावड्यातल्या शाळेत गणित शिकवायची, मी सॉफ्टवेअरमधला. वाद एकच होता. उत्तरासाठी लागणाऱ्या मधल्या किमतीला नाव कुठे द्यायचं? मी म्हणायचो, आधी 'समजा टक्के इतके', मग उत्तर. ती म्हणायची, आधी उत्तर, खाली 'जिथे टक्के इतके'.

तिच्या शाळेतला शिक्षक शार्दूल या भाषेची पुस्तिका मुलांसाठी छापून घेणार होता. तो तिला आक्का म्हणायचा, मला दाजी. सकाळीच त्याचा फोन आला.

"दाजी, आज एक काय ते सांगा. दोन्ही ठेवलं की पोरं गोंधळत्यात."

हॉस्पिटलमध्ये मी इरावतीला म्हटलं होतं, "तुझं जिथे ठेवतो." ती चिडली. "मी आजारी हाय म्हणून? पटलं तर ठेव, न्हायतर काढून टाक."

म्हणून आज मला एका जागी बसवेना. ठेवावं तर ती गेल्याच्या दुःखापायी ठेवतोय असं वाटे. काढायला हात जाईना. तीनदा चहा ठेवला, तिन्हीदा गॅस बंद केला.

शेवटी काढायचं ठरवलं. पुस्तिकेतले तिचे नमुना प्रोग्रॅम माझ्या पद्धतीने लिहायला घेतले. पहिलाच परीक्षेच्या श्रेणीचा. पंचाहत्तर टक्क्यांच्या वर विशेष, साठच्या वर प्रथम, पंचेचाळीसच्या वर द्वितीय, नाहीतर उत्तीर्ण. तिचं 'जिथे टक्के' खाली एकदाच होतं आणि सगळ्या ओळींना लागू होतं. माझं 'समजा' त्या त्या ओळीपुरतंच. त्यामुळे टक्के तीन ठिकाणी काढावे लागले. दोन ठिकाणी एकूण गुण सहाशे लिहिले, तिसऱ्या ठिकाणी चुकून पाचशे. सहाशेपैकी दोनशे साठ, म्हणजे त्रेचाळीस टक्क्यांचा मुलगा द्वितीय श्रेणीत गेला.

मी शार्दूलला फोन लावला. "जिथे ठेवायचं. समजा काढ."

त्याने विचारलं, "आक्कासाठी करताय व्हय?"

"न्हाय. श्रेणीचा नमुना बघ."

"बघितलाय की. पण पोरगं वरनं वाचतंय, दाजी. टक्के कुठनं आलं ते खाली जाऊन कोण बघतंय?"

हे माझंच बोलणं होतं, कित्येक वर्षांचं. मी उठून उभा राहिलो.

"वर्तुळाचं क्षेत्रफळ फळ्यावर कसं लिहितोस? आधी सूत्र, मग खाली, जिथे आर म्हणजे त्रिज्या. पोरगं कधी अडलंय?"

"ते गणित हाय!"

"मग हे काय हाय?"

"दाजी, वरडताय कशाला?"

आवाज चढला होता खरा. मी खिडकी लावून घेतली.

"फोन ठेवू नको," मी म्हटलं. "आता दुसरा नमुना उघड, तोही बघू."